पंख्याखालची खुर्ची

लोमा सेका येथील आरोग्य उपकेंद्रात गर्भवती स्त्रीची नोंद एका कार्डावर होते. गेल्या वर्षी जूनमध्ये प्रांत कार्यालयाचं परिपत्रक आलं, की बाराव्या आठवड्यापर्यंत कार्डातले पहिले सोळा रकाने क्रमानं आणि संपूर्ण भरलेले असावेत. एकही रकाना रिकामा राहिल्यास ते कार्ड ग्राह्य नाही, आणि जिच्याकडे ग्राह्य कार्ड नाही ती स्त्री कार्यालयाच्या दृष्टीनं गर्भवती नाही.

हे परिपत्रक मीच फाइलला लावलं. मी नुरिस, उपकेंद्राची कारकून, एकोणीस वर्षं झाली. रोज सकाळी संत रामोनपुढे मेणबत्ती लावून जपमाळ पूर्ण केल्याशिवाय मी कॉफी तोंडाला लावत नाही. संत रामोन गर्भवतींचा वाली, त्यामुळे कामाच्या दृष्टीनंही ते सोयीचं पडतं.

पहिल्या तेरा रकान्यांची कधीच अडचण नव्हती. नाव, वय, नवऱ्याचं नाव, नवरा नसल्यास कारण. चौदावा रकाना होता, बाळाचं लिंग. पंधरावा, आईचा रक्तदाब.

चौदावा रकाना उगाच छापलेला नव्हता. सरकार प्रत्येक बाळाला एक पांघरूण देतं, मुलाला निळं आणि मुलीला पिवळं, आणि गिरणीला मागणी सहा महिने आधी कळवावी लागते. सोनोग्राफीचं मशीन आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी फीत कापून झाल्यावर त्यावर पुन्हा कापड टाकलं, ते अजून तसंच आहे. त्याला थंड खोली लागते. तशी खोली एकच, प्रमुखांची, आणि प्रमुखांच्या खोलीत आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाला येता येत नाही. मशीनलाही नाही.

"रकाना भरा असं लिहिलंय," आमचे प्रमुख रादामेस साहेब परिपत्रक वाचून म्हणाले. "कसा भरा, हे कुठं लिहिलंय?"

तेव्हा तोन्या फरशी पुसत होती. एके काळी अर्धं गाव तोन्याच्या हातावर जन्मलं. पुढे सुईणीला प्रमाणपत्र लागू झालं, तिच्याकडे ते नव्हतं, म्हणून फरशी तिच्याकडे आली.

"आमच्या घरी खुर्च्यांवर बघायचे," ती म्हणाली.

"काय बघायचे?"

"एका उशीखाली कात्री ठेवायची, एकीखाली सुरी. पोटुशी बाई कुठं बसते ते बघायचं. कात्रीवर बसली तर मुलगी, सुरीवर बसली तर मुलगा."

"आणि बरोबर यायचं?"

"कधी यायचं, कधी नाही. गंमत असते हो, साहेब. हसायचं, घेवड्याची गोड खीर खायची, घरी जायचं."

साहेबांनी 'गंमत'पासून पुढचं वगळून बाकीचं मला लिहून घ्यायला सांगितलं. प्रांतानं पंधरा दिवसांत मंजुरी दिली. 'आसन चाचणी' असं तिचं नाव पडलं.

दोन एकसारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. उश्या मी शिवल्या. कात्री मलमपट्टीच्या खोलीतली घेतली, त्यामुळे टाके काढायला येणाऱ्यांना परत पाठवावं लागू लागलं. सुरी मात्र आमच्या नाश्त्याचं सलामी सॉसेज कापायची होती, म्हणून त्याच दिवशी दुसरी सुरी आणली गेली. नियम तीनच होते. हातानं उशी चाचपायची नाही. एका गर्भाला एकच बैठक. आणि एकदा झालेली बैठक कोणत्याही कारणानं रद्द होणार नाही.

उद्घाटनाला फादर एलीहिओ खुर्च्यांना आशीर्वाद द्यायला आले. ऊन मी म्हणत होतं, चढ चढून त्यांना धाप लागलेली. पवित्र पाणी शिंपडून झालं आणि ते पंख्याखालच्या खुर्चीवर बसले. उशीखाली सुरी होती.

"आता काय करायचं?" मी साहेबांना हळूच विचारलं.

"रद्द करता येत नाही," साहेब म्हणाले. "कार्ड उघडा."

फादरांच्या नावानं कार्ड उघडलं. त्यांचा रक्तदाब घेतला, तो उत्तम होता. सोळाही रकाने पहिल्याच दिवशी भरलेलं आमच्या उपकेंद्रातलं ते पहिलं कार्ड. प्रांतानं त्याची प्रत नमुना म्हणून सगळीकडे पाठवली.

जुलै संपेपर्यंत एकतीस बैठका झाल्या. एकतीस मुलगे निघाले. पंखा एकच होता आणि त्याच्याखालच्या खुर्चीवर सुरी होती, याचा याच्याशी संबंध असावा असं तोन्याचं म्हणणं पडलं. साहेब म्हणाले, तिनं फरशीकडे बघावं. प्रांत कार्यालयानं मात्र आकड्यांची दखल घेतली. गावच्या शाळेत बांधायचं ठरलेलं मुलींचं स्वच्छतागृह रद्द केलं, कारण सहा वर्षांनी तिथं मुली नसणार.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की एकतीस मुलग्यांना पुढे बायका लागतील. दुसरं परिपत्रक आलं, प्रमाण सम राखावं. त्यानुसार सोमवार, बुधवार, शुक्रवार पंखा सुरीच्या खुर्चीवर राहू लागला आणि मंगळवार, गुरुवार कात्रीच्या. हे वेळापत्रक गोपनीय होतं. दुसऱ्या आठवड्यात सोमवारची रांग बाजारापर्यंत गेली. सासवा सुनांचे दंड धरून उभ्या.

"अगं, मंगळवारी ये ना, गर्दी नसते," मी एकीला म्हटलं.

"मंगळवारी तुमची सून आणा," तिची सासू म्हणाली.

ओदालिस याच दिवसांत आली. फाटकाशी कढई मांडून ती यानिकेके तळते, तुमच्या पुरीची थोरली बहीण म्हणावी असा तो प्रकार. नवरा राजधानीत पहारेकरी आहे, महिन्यातून एकदा येतो. तिला दहावा आठवडा होता. आली ती गुरुवारी, कारण त्या दिवशी पीठ लवकर संपलं.

"नुरिसबाई, मला तेवढं रक्तदाबाचं बघून द्या," ती म्हणाली. "माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी झटके येऊन गेली. मला बाकी काही नको."

"तो पंधरावा रकाना आहे गं. आधी चौदावा."

"मला मुलगा-मुलगी काही कळायला नको."

"तुला नकोच कळायला. कार्डाला कळायला हवं."

ती खुर्च्यांच्या खोलीत गेली आणि वीज गेली. पंखा थांबला. दोन्ही खुर्च्या सारख्याच तापलेल्या. कढईपुढे सकाळपासून उभी असलेली बाई, तिला घेरी आली. फरशी तोन्यानं नुकतीच पुसलेली, थंडगार. ओदालिस दोन खुर्च्यांच्या मधोमध खाली बसली.

साहेबांनी टेप मागवली. सुरीपासून एकसष्ट सेंटिमीटर. कात्रीपासून एकसष्ट.

"थोडी सरक बघू," साहेब म्हणाले.

"साहेब, मला पाणी द्या."

"सरकल्यावर."

पण ती सरकली असती तर दुसरी बैठक झाली असती, हे मीच त्यांच्या नजरेस आणलं. मला नियम पाठ असतात. प्रकरण मार्गदर्शनासाठी प्रांताकडे पाठवलं. ओदालिस उठली, पाणी प्यायली आणि कढईकडे गेली.

सप्टेंबरात ती आली. उत्तर आलं नव्हतं. ऑक्टोबरात आली, नव्हतं. रक्तदाबाचं यंत्र काचेच्या कपाटात तिच्या समोरच होतं. "एक मिनिट लागतं ना याला?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, एक मिनिटही लागत नाही, पण रकाने क्रमानं भरायचे असतात. नोव्हेंबरात तिच्या चपला पायात शिरेनात, म्हणून ती नवऱ्याच्या घालून आली. मी तिच्यासाठी रोजच्या जपात एक दशक, म्हणजे दहा मणी, वाढवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळणाऱ्यांनी बिअरची पैज लावली, ओदालिसचं काय निघतं यावर. अख्ख्या गावात एकटं तिचंच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे तिची फार विचारपूस होई. कढईशी येणारा प्रत्येक जण विचारी, कळलं का गं?

जानेवारीच्या मध्यावर उत्तर आलं. 'फरशी हे मान्यताप्राप्त फर्निचर नाही. सबब सदर स्त्री बसलेलीच नाही. तरी बैठक घेऊन तसा अहवाल द्यावा.' त्या दिवशी सकाळी मेणबत्ती लावताना मी संत रामोनकडे मागितलं होतं, बाबा, एवढं ओदालिसचं मार्गी लाव.

तिला बोलावलं. आठवा महिना सुरू होता. डॉमिनोवाले खिडकीशी उभे. तिचे डोळे मिटलेले, एक हात कपाळावर.

"बस, पोरी," साहेब म्हणाले.

"डोकं फुटायची वेळ आलीय, साहेब. समोर काजवे दिसतायत. खुर्च्याही चार दिसतायत."

"चारांतल्या कुठल्याही एकीवर बस. आम्ही दोनात बसवून घेऊ."

तोन्यानं झाडू भिंतीला टेकवला. "नुरिस, कपाटाची किल्ली दे."

"तोन्या, चौदावा झाल्याशिवाय..."

"किल्ली दे."

किल्ली मी गळ्यात अडकवते, जपमाळेबरोबर. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी परिपत्रकाकडे पाहिलं. तोवर तोन्यानं दोन्ही माझ्या डोक्यावरून काढून घेतल्या होत्या. पट्टा दंडाला गुंडाळला, फुगा दाबला, कान लावला.

"वर एकशे ऐंशी, खाली एकशे वीस," ती म्हणाली. "गाडी बोलवा."

"गाडी ग्राह्य कार्डावरच येते," साहेब म्हणाले. हे खरं होतं. तसं परिपत्रक आहे.

तोन्या माझ्या टेबलाशी आली, कप्पा उघडला आणि फादर एलीहिओंचं कार्ड काढलं. सोळाही रकाने भरलेले. "या कार्डावर येईल ना?"

साहेबांनी ते उलटून पालटून पाहिलं. "यात त्रुटी काही नाही," ते म्हणाले.

गाडी वीस मिनिटांत आली. चालकानं कार्ड तपासलं, ओदालिसकडे पाहिलं, पुन्हा कार्ड तपासलं.

"फादर एलीहिओ?"

"हो," ओदालिस डोळे मिटूनच म्हणाली.

त्यानं सही केली. तोन्या तिच्याबरोबर गेली, माझी जपमाळ हातात तशीच.

दुपारी प्रांताच्या मोठ्या इस्पितळातून फोन आला. साहेबांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"लोमा सेका का? तुमच्याकडचे फादर एलीहिओ," तिकडची नर्स म्हणाली, "म्हणजे ती बाई, शस्त्रक्रिया करावी लागली, तिला..."

"ते नंतर," साहेब म्हणाले. "कात्री की सुरी?"

"काय?"

"मुलगा की मुलगी?"

मग तिनं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. खिडकीत टाळ्या झाल्या. ज्याची बिअर त्याला मिळाली. मी ओदालिसच्या कार्डावर चौदावा रकाना भरला, अक्षर चांगलं आलं. मग पंधराव्याशी माझं पेन थांबलं आणि माझ्या ध्यानात आलं, की नर्सचं वाक्य अर्धं राहिलं होतं.

"साहेब, ओदालिसचं काय झालं ते नाही विचारलं आपण."

"त्याला रकाना कितवा?" साहेबांनी विचारलं.

मी कार्ड दोनदा पाहिलं. नव्हता.

तोन्या पाच दिवस परत आली नाही. आली ती थेट झाडू घेऊन कामाला लागली. जपमाळ माझ्या टेबलावर ठेवली. विनापरवानगी यंत्र हाताळल्याबद्दल तिला मेमो मीच टाइप करून दिला. आता सकाळी मेणबत्ती लावताना मला फक्त एवढंच आठवतं, की त्या दिवशी मी जे मागितलं ते मला मिळालं. चौदावा रकाना.

ओदालिस दीड महिन्यानं फाटकाशी परतली. डावा हात अजून जड आहे, त्यामुळे पीठ ती एका हातानं मळते. बाळ तिच्या पायाशी टोपलीत असतं, जुन्या चादरीत. पांघरूण तिला मिळालं नाही. बाळंतपण फादरांच्या कार्डावर झालं, म्हणून फादरांच्या बैठकीप्रमाणे निळं पांघरूण चर्चच्या पत्त्यावर गेलं. नाताळच्या देखाव्यात बाळ येशूला ते पांघरायचं आहे.

कढईशेजारी तिनं दोन डबे मांडलेत, दुधाचे रिकामे. जवळ वाटीभर तुरीचे दाणे असतात. गिऱ्हाईक आलं, की पहिलं जे विचारेल त्याप्रमाणे ती एक दाणा या नाहीतर त्या डब्यात टाकते. बाळ काय आहे, असं विचारलं तर डावा डबा. तू कशी आहेस, असं विचारलं तर उजवा. सांगते दोघांनाही, गोड आवाजात. डावा डबा दोनदा रिकामा करून झालाय. उजव्यात एक दाणा आहे, तोन्याचा.

मीही पहिल्याच दिवशी गेले होते. काय विचारलं ते मला आठवतं, म्हणून दाणा कुठं पडला ते पाहायला मी थांबले नाही.

आपण इथवर वाचत आलात, आणि बाळ काय आहे ते मी अजून सांगितलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. फाटकाशी जाऊन विचारायला हरकत नाही. ओदालिस सांगेल. डाव्या डब्यात जागा आहे.