शाडूची आठळी

आपल्या हातच्या करंज्या पाहून अलिबागच्या परीक्षकांच्या तोंडाला पाणी सुटणार, याबद्दल राहीला तिळमात्र शंका नव्हती. करंज्या शाडूच्या होत्या!

गणपती झाल्यावर पेणच्या कारखान्यात उरलेला शाडू आणि रंग तिने मागून आणले होते. गेल्या पावसाळ्यात तिची आई, बायजा, गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्यासमोर ती कधी उभीच राहिली नाही. राहीने ठरवलं, चेहरा नाही तर नाही, आईच्या हातचं खाणं तरी जगाला दाखवू. करंज्या, नारळाच्या वड्या, चिंचेच्या गोळ्या, फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. लहानपणी आईने पदराआडून जे जे हातावर ठेवलं ते सगळं. राही गावच्या शाळेत शिकवायची. हल्ली मुलांच्या पाट्या तपासतानाही तिची बोटं करंजीला मुरड घालत.

अलिबागच्या हस्तकला प्रदर्शनाचा दिवस उजाडला, तरी रंग ओलाच. एस.टी.ला अवकाश होता. रंग चिकटू नये म्हणून राहीने एका फळीवर केळीचं पान पसरलं, त्यावर सगळं नीट मांडलं आणि कोंबड्या पोचू नयेत म्हणून फळी गोठ्याच्या बुटक्या छपरावर उन्हात ठेवली.

पितृपक्ष चालू आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. शेजारच्या मनुबाईच्या होतं. छपरावर केळीचं पान, पानावर बायजाच्या आवडीचे जिन्नस! मनुबाईने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून ती कावळ्याची वाट पाहू लागली.

कावळा आला. एक डोळा लावून त्याने करंजी पाहिली, दुसरा लावून वडी पाहिली, आणि खोटं नाणं ओळखलेल्या वाण्यासारखा तो समोरच्या माडावर जाऊन बसला.

बायजाचा जीव कशात तरी अडकलाय, अशी मनुबाईने हाळी दिली. राही आत लुगडं बदलून बाहेर येते तो निम्मी आळी अंगणात हात जोडून उभी! ती शिडीकडे धावली. मनुबाईने तिला दंडाला धरून मागे ओढलं. कावळा शिवायच्या आधी कोणी पान उचलतं का?

"मावशी, ते मातीचं आहे," राही म्हणाली.

"आपुन सगलीच मातीची गो," मनुबाईने तिला पोटाशी धरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग वचनं सुरू झाली. बायजाची नेलेली विळी परत करायचं मनुबाईने जाहीर कबूल केलं. कावळा ढिम्म. हिरामणकाकाने मिठागराच्या बांधावरून वहिनीशी झालेलं भांडण मागे घेतलं. ढिम्म. कोणीतरी म्हणालं, राहीचं लगीन या माघात लावून टाकू. कावळा माडावरून उतरून चक्क फळीवर येऊन बसला! अंगणात आनंदाला भरतं आलं. दोघीतिघींनी स्थळंही सुचवली. तिकडे नाक्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. आता ओरडूनच सांगायचं, म्हणून तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात तिचा बाप पुढे आला. बायको गेल्यापासून धर्माजी कोणाशी धड बोललाच नव्हता. त्याने कमरेची तपकिरीची डबी काढली. या डबीला बायजा जन्मभर सवत म्हणत आली होती.

"बायजे, ही सोडली बग," तो म्हणाला. "आता तरी जेव गो."

डबी विहिरीत पडली. राहीचं उघडलेलं तोंड आपोआप मिटलं.

डुबुक आवाजाने कावळा दचकला, समोरची आठळी चोचीत धरून भुर्रकन उडाला.

शिवला, शिवला! अंगणात एकच कल्ला झाला. धर्माजी डोळे पुसता पुसता हसला. बायजा गेल्यापासून पहिल्यांदाच. आता शाडूचं नाव काढायची राहीची छाती होईना. पान खाडीत सोडून येते, असं सांगून तिने फळी फडक्याखाली झाकली आणि जी धूम ठोकली ती थेट एस.टी.च्या पायरीवर!

अलिबागचे परीक्षक म्हणजे एक म्हातारे चित्रकलेचे मास्तर. त्यांच्या तोंडाला काही पाणी सुटलं नाही. करंज्यांची मुरड त्यांना ढोबळ वाटली, वड्यांचा गुलाबी भडक. चिंचेच्या गोळ्या त्यांनी बकरीच्या लेंड्या समजून सोडून दिल्या. राही खचत चालली होती. मग ते पानावरच्या एका मोकळ्या जागेपाशी थांबले. आठळी होती तिथे नुसता ओलसर रंगाचा डाग उरला होता.

"ही जागा रिकामी का सोडली?"

राही कावळ्याचं सांगणार, तोच मास्तरांनी हात वर केला.

"राहू दे बाई, सांगू नका. कोणी जेवता जेवता नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बाकी सगळं बेताचं आहे. पण ही जागा ज्याला सुचली तो खरा कलावंत."

पहिलं बक्षीस! राहीने ते मान खाली घालून घेतलं. तो कलावंत त्या वेळी तिच्या अंगणातल्या माडावर बसून चोचीला लागलेला रंग झावळीवर घासत असणार.