वकीलसाहेबांचा चिखलदऱ्यातला मुक्काम

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अमरावती कोर्टातल्या आम्हा कारकुनांचा व्हॉलीबॉल संघ चिखलदऱ्याला सामना खेळायला गेला. सहा खेळाडू, मॅनेजर भाऊराव पांढरीपांडे आणि त्यांच्या मांडीवरच्या टोपलीत एक तांबडा कोंबडा. भाऊरावांनी त्याचं अर्धं तिकीट मागितलं.

"टोपलीले तिकीट नसते, भाऊ," कंडक्टर म्हणाला.

"टोपलीचं कोन मागून राहिलं? त्याचं फाडा. रेकॉर्डवर राहू द्या."

भाऊराव आमचे हेडक्लार्क. मटण-मच्छी लांबच, कांदासुद्धा शिवत नसत. कोणी चहा पाजला तरी "रेकॉर्डवर घ्या" म्हणत. कोंबडा हा एका चोरीच्या खटल्यातला मुद्देमाल. समेट झाला, फिर्यादी आणि आरोपी एकाच बैलबंडीत बसून गावाला गेले, कोंबडा कोर्टातच राहिला. भाऊरावांनी तो घरी नेला. पत्नी वारल्यापासून घरी ते एकटेच असत. कोंबड्याचं नाव त्यांनी वकीलसाहेब ठेवलं. तो वेळेआधी सुरू होई आणि थांबता थांबत नसे. पहिल्यांदा तो सामन्याला आला तेव्हा आम्ही जिंकलो. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला तो येई. आम्ही मात्र पुन्हा जिंकलो नव्हतो.

चिखलदऱ्याचा डाक बंगला इंग्रजांच्या वेळचा, खानसामाही त्याच वेळचा. रजिस्टरमध्ये नावं लिहून, टोपली व्हरांड्यात ठेवून आम्ही मैदान पाहायला गेलो. साहेबांच्या काळापासून तिथला रिवाज असा, की पाहुण्यानं कोंबडा आणला की तो थेट स्वयंपाकघरात जायचा. खानसाम्यानं रिवाज पाळला.

परत आलो तर टोपली रिकामी. मागून सुरीला धार लावल्याचा आवाज येत होता. जिथे मांस शिजतं त्या खोलीच्या उंबऱ्याशीही एरवी उभे न राहणारे भाऊराव सरळ आत शिरले.

"चाचा, थांबा! हे जेवण नव्हे!"

"मंग काय होय?"

"आमच्या टीममधला आहे."

"खेलता क्या?"

"बसतो."

खानसाम्यानं सुरीनं दरवाजा दाखवला. "चालीस साल झाले, बाबूजी. या दरवाज्यातून एक कोंबडा वापस गेला नाही."

"आज जाईल. रेकॉर्डवर घ्या."

आवाज कोर्टातलाच होता. कोंबडा मात्र त्यांनी कोटाच्या आत छातीशी धरला होता. खानसाम्यानं सुरी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सामना आम्ही हरलो. वकीलसाहेब शेवटपर्यंत ओरडत होते.

निघताना सह्या करायला रजिस्टर उघडलं. 'घरचं माणूस सोबत' या रकान्यात आम्ही सहा जणांनी रेघ मारली होती. भाऊरावांनी आल्या आल्याच लिहिलं होतं : एक.

शेजारचा भोजनाचा रकाना खानसामा भरत असे. भाऊरावांच्या ओळीत त्यानं भरलं होतं : वरण-भात एक, ज्वारी एक वाटी.