केसभर कल

क्लाइव्ह पेनरोजचं जहाज त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या, जेवणाच्या टेबलावर येऊन तीन वर्षं झाली होती. आणताना तो म्हणाला होता, "महिनाभराचा तर प्रश्न आहे." कुठला महिना ते त्याने सांगितलं नव्हतं आणि ग्लेनिसनेही भाबडेपणाने विचारलं नव्हतं. तेव्हापासून दोघं स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर अवघडून जेवत होती. बाहेरच्या खोलीत, ब्लॅकवुड लाकडाच्या आठ माणसांच्या टेबलावर, होबार्टहून विलायतेला लोकर नेणाऱ्या जुन्या काळच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाची प्रतिकृती ऐसपैस पसरली होती.

यंदा मात्र ग्लेनिसने कंबर कसली होती. रविवारी तिला सत्तर पूर्ण होत होती. लॉन्सेस्टनहून तिची थोरली बहीण लॉरेल लेकी-जावयांसकट येणार होती. मागच्या वेळी हीच लॉरेल "ग्लेनिस पाहुण्यांना उभ्याने जेवायला घालते" असं अख्ख्या नातेवाइकांत सांगत सुटली होती. तो घाव ग्लेनिसच्या अजून जिव्हारी होता.

"रविवारी त्या टेबलावर जेवण मांडलं जाईल," तिने क्लाइव्हला बजावलं होतं. "जहाज तिथं दिसलं तर मी खाडीत सोडून येईन. ते खरंच तरंगतं का तेही कळेल."

म्हणून शनिवारी सकाळी जहाज प्रतिकृती करणाऱ्यांच्या हौशी मंडळाच्या सभागृहात हलवायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष डेस्मंड व्हॅन घेऊन वेळेवर आले. ग्लेनिसने टेबलक्लॉथला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. पण डेस्मंड कोन मापायचा काटकोन्या खिशात घालून हिंडणारा माणूस. त्यांनी दारातच मान तिरकी केली.

"क्लाइव्ह, मधली काठी पुढं झुकलीय."

"शक्य नाही! गुरुवारी मी स्वतः मापली."

"मग गुरुवारनंतर झुकली."

ग्लेनिस तिथेच उभी होती. "अहो, तिन्ही काठ्या वाकड्याच आहेत की! तीन वर्षं बघतेय मी."

दोघांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगं, त्या मुद्दाम मागं कललेल्या असतात," क्लाइव्ह म्हणाला. "पुढची जरा, मधली त्याहून जास्त, मागची आणखी जास्त. मागं कललेली चालते, पुढं झुकलेली नाही."

"वाकडी ती वाकडीच. उचला आणि न्या!"

पण डेस्मंड नाक वर करून हवा हुंगत होते. "सूप आहे का गॅसवर?"

होतं. वाटाण्याचं सूप कालपासून मंद आचेवर रटरटत होतं. क्लाइव्हने कपाळ बडवून घेतलं. वाफेने हवा दमट झाली, दमट हवेने तागाचा दोरा आकसला आणि आकसलेल्या दोऱ्याने डोलकाठी पुढे ओढली. "घरात ओली हवा आणलीस तू, ग्लेन!"

"माझ्या घरात मी सूपसुद्धा करायचं नाही?"

सूप बंद झालं. पाठोपाठ किटलीवरही बंदी आली. जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा, थंडी कडाक्याची होती, पण हवेत आणखी बदल नको म्हणून हीटरही गेला. ग्लेनिस स्वतःच्या स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बटाटे सोलत बसली. बाहेरच्या खोलीत ते दोघे चिमटे घेऊन जहाजावर ओणवले होते. पाच मिनिटांचं काम आहे, असं दोघांनीही सांगितलं होतं.

मधल्या काठीचा पुढचा दोर सैल केला तेव्हा ती आज्ञाधारकपणे मागे आली. पण त्या दोराचं दुसरं टोक पहिल्या काठीला बांधलेलं होतं. मागचा ताण जाताच पहिली पुढे झुकली. शिवाय मधली मागे आली म्हणून तिच्या आधाराने उभी असलेली तिसरी सैल पडून आणखी मागे रेलली. पहिली ताठ केली की मधली हलायची, मधली धरली की तिसरी. दुपारपर्यंत तिन्ही काठ्या तीन दिशांना तोंडं करून उभ्या होत्या. जेवायची वेळ टळून गेली, तेव्हा डेस्मंड व्हॅन घेऊन निघाले. "उद्या बारापर्यंत येतो," ते म्हणाले. "असं जहाज सभागृहात ठेवलं तर लोक हसतील."

"आणि टेबलावर राहिलं तर माझी बहीण हसेल!" ग्लेनिस ओरडली, पण व्हॅन तोवर कोपऱ्यावर पोचली होती.

बाजूच्या दोरांच्या गाठी मारून, त्यांवर डिंकाचे थेंब सोडून क्लाइव्हने हात मागे घेतला, तर हाताबरोबर जहाजही आलं. त्याच्या तपकिरी स्वेटरच्या बाहीची लोकर गाठींत अडकून घट्ट चिकटली होती. स्वेटरचा रंग नेमका दोरांचा. लोकर कुठली आणि दोर कुठला, ते त्याला भिंगातूनही कळेना.

"ग्लेन," तो हळूच म्हणाला, "जरा कात्री आणतेस?"

ग्लेनिस कात्री घेऊन आली, तोच दार उघडलं आणि सामानाची बॅग घेऊन लॉरेल आत आली. लेकी-जावई उद्या येणार होते. ही मदतीला म्हणून आदल्या दिवशीच हजर. बहिणीचा नवरा जहाजाला बांधला गेलेला पाहून ती दारातच थबकली.

"हे काय नवीन?"

"काही विचारू नकोस," ग्लेनिस म्हणाली. "बाही कापायचीय."

"बाही? तो स्वेटर मी विणलाय! अख्खा हिवाळा गेला माझा." लॉरेलने तिच्या हातातली कात्री हिसकावली. "दोऱ्या काय, पन्नास आहेत. एक गेली तर कुणाला कळणार आहे?"

"नाही!" क्लाइव्ह किंचाळला.

कात्री चालली होती. टण् असा बारीकसा आवाज झाला. बाही सुटली आणि मधली डोलकाठी मागे उडून तिसरीवर आपटली. नेमका तिला पुढून धरणारा मुख्य दोर गेला होता.

 क्लाइव्ह खुर्चीवर बसला, सुटलेली बाही मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं कटकट केली तरी ग्लेनिसने त्याला असा कधी पाहिला नव्हता. तिचं काळीज हललं आणि मग तिचा पारा चढला, पण तो नवऱ्यावर नाही.

"लॉरेल, कात्री खाली ठेव! कुणी सांगितलं होतं तुला? तीन वर्षं राबलाय तो त्याच्यामागं!"

"अगं, मी तुझ्याच टेबलासाठी..."

"टेबल माझं आहे, मी बघून घेईन. तू बटाटे सोल जा."

ओव्हरकोटाच्या बाह्या सारून ग्लेनिसने नवा दोर घेतला. क्लाइव्हने काठी धरली, तिने चिमट्याने टोक ओवलं आणि हलक्या हाताने ताण दिला. काठी उठली, किंचित थरथरली आणि बरोबर जागेवर मागे कलून थांबली. ग्लेनिसच्या अंगातून काहीतरी झरझर गेलं. ती खाली वाकली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "आता पहिली जरा डावीकडं वाटते, नाही?"

रविवारी बारा वाजता पाहुण्यांनी घर भरलं होतं. सगळे कोट घालून उभे होते, कारण हीटर अजून बंद होता. डेस्मंडनी काटकोन्या लावला, पुन्हा लावला आणि खिशात टाकला. "सुरेख! चला, उचलू या."

"हात लावू नका," ग्लेनिस म्हणाली. भिंग तिच्या डोळ्याला होतं. "तिसरी केसभर जास्त कललीय."

"बाई, मला दिसत नाही."

"तुम्हाला दिसायची गरज नाही. पुढच्या शनिवारी या."

क्लाइव्हने काल दुपारपासून धड काही खाल्लं नव्हतं. "अगं, तुझा वाढदिवस आहे. कोकराचं मांस भाजायचं राहिलंय, माणसं खोळंबलीत. नेऊ दे ना त्यांना."

"क्लाइव्ह, दारातून बाजूला हो. वारा येतोय."

क्लाइव्ह मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. कच्च्या मांसाच्या परातीपुढे लॉरेल हात चोळत उभी होती. त्याने पावाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि अगदी मनापासून सुस्कारा सोडला.

"काय सांगू लॉरेल तुला," तो म्हणाला, "या बाईला ना, त्या जहाजापुढं दुसरं काही सुचतच नाही."