तीन प्रकाशक आणि सासूबाईंचा पाना

वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात सत्तावीस वर्षं घालवल्यावर आमच्या मेकॅनिकबुवांनी त्यावर पुस्तक लिहिलं. इथवर सगळं ठीक होतं. मग बायकोने सहज विचारलं, "छापणार कोण?" आणि बुवांच्या डोक्यात भुंगा शिरला.

चांगला प्रकाशक ओळखायचा कसा? एक मित्र म्हणाला, नाव बघा. दुसरा म्हणाला, कागद बघा. बुवांना दोन्ही पटेना. मशीन काय कोणी रंग बघून घेतं? (घेतात. तेच पुढे बुवांचे गिऱ्हाईक होतात.) चालवून बघायचं!

त्यांनी तीन प्रकाशकांची दुरुस्तीची तीन पुस्तकं आणली. आता हवा होता पान्याला कधी हात न लावलेला माणूस. तो घरातच होता. सासूबाई आठ दिवसांसाठी राहायला आल्या होत्या. (तिसरा महिना चालू होता.)

बुवांनी मशीनच्या पंपात स्वतःचा मोजा अडकवला. "आई, पाणी बाहेर जात नाहीये. पुस्तकात बघून दुरुस्त करता?"

"मेकॅनिक तुम्ही ना, जावईबापू?"

"म्हणूनच तर!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंनी बाह्या सरसावल्या.

पहिल्या पुस्तकाची अक्षरं इतकी बारीक, की चौथ्या पानावर त्यांना डुलकी लागली. दुसरं म्हणालं, आकृती बारा पाहा. आकृत्या अकराच होत्या. तिसऱ्यात मात्र पायरीपायरीने चित्रं होती: प्लग काढा, खाली पसरट भांडं ठेवा, पाणी काढा, मग पंपाचं झाकण उघडा. वीस मिनिटांत सासूबाईंच्या हातात मोजा!

बुवांनी तिथल्या तिथे तिसऱ्या प्रकाशकाला फोन लावला. संपादक बाई म्हणाल्या, "हस्तलिखित पाठवा. पण आधी घरातल्या कोणाला तरी ते वाचून मशीन उघडू द्या. काय झालं, ते त्यांनीच लिहून सोबत जोडायचं."

बुवा खूश! त्यांनी मोजा पुन्हा अडकवला, वही सासूबाईंना दिली आणि बजावलं, "आधीचं सगळं विसरा. मी लिहिलंय तेवढंच करा." मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. सत्तावीस वर्षांत शिकलेलं सगळं त्या वहीत होतं आणि आजवर त्यातली एक ओळ कोणी वाचली नव्हती. बायकोनेही नाही.

दहा मिनिटांनी आतून एक सपात तरंगत आली. पाठोपाठ बायकोची हाक आली. बुवा धावले.

"आई! पाणी काढायच्या आधीच झाकण उघडलंत?"

सासूबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून वाचू लागल्या. "पान सहा. झाकण उघडावे. पान सात. त्याआधी पाणी काढलेले असावे, हे सांगायला नकोच."

"मग?"

"पान सातवर पोचेपर्यंत पान सात भिजलं होतं."

बायकोने फरशी पुसायचं फडकं बुवांच्या हातात दिलं.

सासूबाईंनी चार पानी अभिप्राय लिहिला आणि बुवांना न दाखवता पाकीट चिकटवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बुवांनी उभ्या उभ्याच फोडून मोठ्याने वाचलं.

"हस्तलिखित साभार परत. सोबतचा अभिप्राय मात्र आम्ही सर्वांनी दोनदा वाचला. इतकं स्पष्ट, क्रमवार आणि सचित्र लेखन आमच्याकडे फार दिवसांत आलं नव्हतं." (सचित्र! चित्रात फडकं घेतलेले बुवा होते.) "या बाई आमची तांत्रिक पुस्तकं तपासून देतील का?"

बुवांना वाईट तर वाटलंच. पण आपली पारख चुकली नाही, एवढं त्यांना कबूल करावं लागलं. प्रकाशक खरोखरच चांगला होता.

"देईन म्हणून कळवा," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि जावईबापू, पुस्तक पुन्हा लिहून माझ्याकडे आणून द्या. महिनाभरात निर्णय कळवते. तोवर कृपा करून चौकशीला येऊ नका."