सहादेवतात्यांचा सरळ पाईप

बेसिनखालचा वाकडा पाईप गळायला लागला, तो नेमका व्याही पुण्याहून येण्याच्या आदल्या दिवशी. तसं ते बेसिन आणलंच होतं सूनबाईसाठी. मुलगा राधाकृष्ण, तो साखर कारखान्यात नोकरीला चिकटला, पुण्याची मुलगी करून आणली, आणि मोरीत वाकून चूळ भरताना तिची तारांबळ बघून सहादेवतात्यांनी संगमनेरच्या त्या सबंध गल्लीतलं पहिलं बेसिन बसवून घेतलं. गल्लीतल्या बाया ते बघायला येत आणि घाण होईल म्हणून हात न धुताच परत जात.

पण व्याही रंगनाथराव नुसते भेटायला येत नव्हते. जावयासाठी त्यांनी पुण्यात नोकरी हेरून ठेवली होती. ‘येतो आणि पोरांना घेऊनच जातो,’ असं त्यांनी कळवलं होतं. तेव्हापासून तात्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, हाय खाल्ली होती. एकुलता एक पोरगा, आणि सूनही अशी गुणाची की सासूच्या हातची भाकरी मागून खायची.

“त्या नळवाल्याला बोलवा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “उद्या पाव्हन्याम्होरं शोभा नको.”

“नळवाला कशाला? उभी हयात प्रवरेच्या पाटावर पानी फिरवलं म्या. आन् ह्ये चूळभर पानी माझं आयकायचं न्हाई व्हय?”

तात्या पाटकरी होते. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात असायचं. नोकरी सुटल्यापासून त्यांच्या हुकमतीत थेंबभर पाणी उरलं नव्हतं, त्यामुळे हात शिवशिवत होतेच. ते बेसिनखाली शिरले. बघतात तो पाईप आधी खाली गेलेला, तिथून वळून पुन्हा वर चढलेला आणि मग भिंतीत घुसलेला. तात्यांना हसूच फुटलं.

“बसवनारा येडा का खुळा? पानी खाली न्यायचं आन् पुन्ना वर चढवायचं. आसा पाट कुनी काढला आसता तर सायबानं घरी बसवला आसता त्येला.”

“कंपनीनं काही विचार करूनच दिला असेल ना, मामंजी?” सूनबाई हळूच म्हणाली.

“पोरी, कंपनीनं कधी उसाला पानी दिलंय का?”

दुपारपर्यंत सरळ पाईप बसला. वाकडा पाईप दारावरच्या भंगारवाल्याला गेला आणि त्याच्या बदल्यात ओंजळभर फुटाणे आले. पाणी सुळकन खाली जात होतं. तात्यांनी फुटाणे खात खात सगळ्यांना चूळ भरून दाखवली.

दिवेलागणीला वास सुटला. आधी वाटलं, उंदीर मेला. मनकर्णाबाईंनी ट्रंका हलवल्या, पिठाचे डबे हुंगले. तात्यांना शेजारच्या आक्काबाईंची शंका आली आणि ते भांडायलाच गेले.

“वास तुमच्याच घरातनं येतोय,” आक्काबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. “आमी कवाच्या दारं लावून बसलोय.”

मग ऊद घातला. ऊद आणि गटार यांचं असं काही जमलं की निव्वळ गटार बरी वाटायला लागली. बेसिनच्या तोंडात बोळा कोंबला, तर पाणी तुंबलं. बोळा काढला, तर त्याच्या मागोमाग मिशा हलवत एक झुरळ वर आलं आणि घर बघायला लागलं. सूनबाई तर दोनदा मागच्या दारी जाऊन ओकून आली.

सकाळी मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “आता रंगनाथराव नाक धरून आत येत्याल आन् पोरांना उचलून नेत्याल. तुमच्या शानपनापायी माझं घर रिकामं व्हनार.”

तात्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. ते बेसिनसमोर उकिडवे बसले आणि त्या सरळ पाईपाकडे बघत राहिले. पाणी येतं, जातं, मागं काही उरत नाही. पाण्याची पाळी संपल्यावरचा कोरडा पाट जसा. आणि तात्या एकदम ताठ झाले. ओढा आडवा आला की पाट त्याच्या खालून नेतात, खाली उतरवून पुन्हा वर काढतात. त्याला सायफन म्हणतात. पाळी संपली, सगळा पाट वाळला, तरी सायफनात पाणी तुंबलेलंच. या तोंडाचं कोल्हं त्या तोंडाला जाईल, अशी सोय नाही.

“आगं, त्यो सायफन हुता,” तात्या कपाळावर हात मारून म्हणाले. “वास अडवायला पानी ठिवलं हुतं त्यात. आन् म्या त्यो फुटान्यावर घालवला.”

“मंग बसा फुटानं खात,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

पण तात्या कधीच उठले होते. दुकानं उघडायला अवकाश होता आणि एस.टी. यायची वेळ झाली होती. अडगळीतून इंजिनाच्या रबरी पाईपचा तुकडा निघाला. गरम पाण्यात मऊ करून त्यांनी तो वाकवला, सरळ पाईप काढून त्याच्या जागी सुतळीनं खिळ्याला टांगला, तोंडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मनकर्णाबाईंनी दारंखिडक्या उघडल्या. हळूहळू वास गेला.

रंगनाथराव आले. हात धुवायला बेसिनशी गेले आणि तिथंच थांबले. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मनकर्णाबाईंनीही मागून हुंगून पाहिलं.

“याला वास कसा येत नाही हो?”

“का यावा?” तात्या म्हणाले.

“आमच्या नव्या घरात बेसिनजवळ उभं राहवत नाही.” रंगनाथराव विजारीची पर्वा न करता खाली वाकले. “हे वाकडं का केलंय? मी तर मुद्दाम सांगून सरळ पाईप लावून घेतला.”

“सरळ?” तात्यांनी अतीव करुणेनं व्याह्यांकडे पाहिलं. “आवो, सरळ पाईप कोन शाना मानूस लावतो?”

सूनबाईला ठसका लागला. तो ओसरल्यावर ती जमिनीकडे बघत म्हणाली, “बाबा, मी इथंच बरी आहे. मला सध्या वास अजिबात सोसत नाही.”

मनकर्णाबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “व्याही, पोर आता कुटं जात न्हाई. सातव्या म्हयन्यात पाठवू, म्हायेराला. त्येच्या आत तुमचं बेसिन तेवढं नीट करून घ्या.”

रात्रपाळी करून कारखान्यातून परतलेल्या राधाकृष्णानं ही बातमी ऐकल्यावर पुण्याच्या नोकरीचा विषयच निघाला नाही.

रंगनाथराव दुपारच्या एस.टी.नं परत निघाले. न्यायला आले होते लेकीला आणि जावयाला; घेऊन चालले होते सहादेवतात्यांना. काखोटीला रबरी पाईपचा उरलेला तुकडा मारून तात्या खिडकीशी ऐटीत बसले होते.

“पुन्यात भंगारवाला दिसला,” मनकर्णाबाई खिडकीखालून म्हणाल्या, “तर तोंड फिरवून बसा.”