सात हातांचा राक्षस आणि मोजे

"वहिनी, यातला राक्षस घरातलं बोलणं ऐकून शिकतो. जरा जपून बोला," असं भावजींनी बजावलं होतं. ते गेम बनवणाऱ्या कंपनीत आहेत; बाजारात यायच्या आधी नवा गेम तपासायला आमच्याकडे दिला. मी म्हटलं, "ऐकू दे की. शिकलेल्या घरात आलाय, चार चांगले शब्द उचलेल."

उचलले! आमची चिमुरडी तलवार परजत गुहेत शिरली, तर आगीचे लोळ सोडायचे सोडून तो सातही हात कमरेवर ठेवून उभा. "मोजे कुठे आहेत?"

लेकीनं निमूट मोजे घातले. त्याच मोज्यांसाठी मी सकाळपासून घसा फोडत होते.

मग पुलावरची लढाई. "कडेला जाऊ नकोस. पडलीस तर रडत माझ्याकडे येऊ नकोस," राक्षस म्हणाला. खजिन्याची पेटी उघडण्याआधी त्यानं तिला हात धुवायला पिटाळलं.

"अगदी तू," नवरा सोफ्यावरून म्हणाला.

"मी अशी बोलते?"

त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

"मी काहीतरी विचारलंय," पडद्यातून आवाज आला. नवरा ताडकन उभा राहिला. माझ्यासाठी कधी उठलाय?

कळस पुढेच होता. लेकीला खोकला झाला. औषधाचा चमचा घेऊन मी घरभर तिच्यामागे, आणि ती म्हणते, "थांब, आधी राक्षसाला विचारते." तो म्हणाला, "घे गं राणी, नाक धर." तिनं घेतलं. नाक धरायची युक्ती माझी, शब्द माझे, आणि आई तो!

भावजींना फोन लावला. "पुसून टाका त्याला. आत्ताच्या आत्ता."

"तुम्हीच सांगा त्याला, वहिनी. तो फक्त तुमचं ऐकतो."

या घरात माझं ऐकणारा एक निघाला, तोही हा. पदर खोचल्याच्या आवेशात पडद्यासमोर उभी राहिले. "पुसतेय मी तुला."

"पुस," राक्षस म्हणाला. "पण जेवलीस का? सकाळपासून हिच्यामागे धावतेयस."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो रिमोट शोधत होता.

शेवटी पुसलं नाही, गेम तसाच भावजींच्या ऑफिसात परत पाठवला. लेक आता पुन्हा अनवाणी फिरते.

त्या ऑफिसात तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर जरा गुहेत डोकावायला सांगाल का? आत ओल फार आहे. आणि हात सात असले, तरी आपणहून स्वेटर घालणाऱ्यातला तो नाही.