चिंच लावलेलं घंगाळ

अंबरनाथच्या त्या शाळेत यशोधराबाई सहा वर्षं विज्ञान शिकवत होत्या, आणि सहाही वर्षं त्यांचे प्रयोग फळ्यावरच झाले होते. आता समोरच्या केमिकल कारखान्याचे मालक भगवंतशेट शनिवारी शाळेत येऊन प्रयोगशाळा जाहीर करणार होते. बाईंनी आठवीला आम्लपर्जन्याचा धडा घ्यायला नेमका हाच आठवडा निवडला. वेळकाळ बघणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

बुधवारी मुलांनी शाळेचं पितळी घंगाळ गच्चीवर ठेवलं. श्रावणातली सर येऊन गेली. पाण्यात निळा लिटमस बुडवला, तो लालभडक!

"बाई, ॲसिड!" भावना ओरडली. "शेटच्या चिमणीचंच!"

"एकाच प्रयोगावरून ठरवायचं नाही. तुलना करायची," बाई म्हणाल्या, पण ऐकतो कोण? भावनाचे पप्पा शेटकडेच ऑपरेटर होते. संध्याकाळी बातमी शेटच्या कानावर गेली.

मुख्याध्यापक जयदेव सरांना घाम फुटला. "मॅडम, शनिवारी तो लिटमस दाखवू नका. लॅब जाईल ना हातची!"

"मुलांनी बघितलंय, सर. आता लपवू कसं?" बाई ठामपणे म्हणाल्या आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडल्या.

शुक्रवारी शाळेतली शिपाई कौसाबाई चाचरत आली. "बाई, पावना येनार म्हनून मी त्या घंगालाला चिच लावलेली. पाऊस आला नि धुवाचा रायला."

बाईंनी तिला मिठीच मारली.

शनिवारी त्यांनी काचेचं स्वच्छ भांडं गच्चीवर ठेवलं. नऊला पाऊस झाला. ते खाली सभागृहात आणून शेटसमोर लिटमस बुडवला. निळा तो निळाच राहिला. शेटचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे माईकवरून प्रयोगशाळा जाहीर केली. टाळ्या पडल्या. मग बाईंनी चिंचेची हकिगत सांगितली.

शेटनी कपाळावर हात मारला. "चिच होती? नि मी गुरवारपासून प्लांट बंद करून बसलोय!"

माईक चालूच होता. सगळ्या शाळेनं ते ऐकलं. भावनानं हात वर केला.

"शेट, मग सोमवारी चालू करा ना. बाई बोलतात, तुलना करायला पायजे."

जयदेव सर पंख्याकडे बघू लागले. बाईंना मात्र फार बरं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी धडा नीट ऐकला होता. प्रयोगशाळा माईकवरून जाहीर झाली होती, ती आता परत घेता येत नव्हती. आणि तिच्यातला पहिला प्रयोगही ठरून गेला होता.